नीतीचे अधिष्ठान : संमतिवयाच्या वादाचे एक परीक्षण

ईश्वर मानला नाही तर नीतीला आधार उरत नाही, हे विधान आपल्या प्रवचनांतून इतक्या वेळा केले जाते की, ते सिद्ध करून दाखविण्याची आवश्यकता सहसा कोणास भासत नाही. उलट पक्षी, धर्मानेच मनुष्याला निर्दय बनविले असून नीतीला धर्मापासून मुक्त केल्यावाचून समाजाची प्रगती नाही, हे विधानही सभासंमेलनांतून तितक्याच सहजपणे केले जाते. दोन्ही विधानांचा दोष एकच आहे. ती इतिहासाकडे पाहून केलेली नसतात. आधी निष्कर्ष ठरवून मग इतिहासातून सोयीची उदाहरणे वेचलेली असतात. राजकारणात आणि इतिहासलेखनात जेव्हा जेव्हा नीतीचा प्रश्न निघतो, तेव्हा हाच खेळ दोन्ही बाजूंनी खेळला जातो. यास्तव मराठी भाषेत प्रत्यक्ष घडलेला एक वाद घेऊन ही दोन्ही विधाने त्याच्या कसोटीस लावून पाहावीत, असे आम्ही योजिले आहे. हा वाद १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याचा. त्यातील दोन प्रमुख पुरुष, गोपाळ गणेश आगरकर आणि बाळ गंगाधर टिळक, यांनी नीतीच्या पायाविषयी पुढेमागे विस्ताराने लिहिले असल्यामुळे विचार आणि आचार एकमेकांशी ताडून पाहण्याची सोय येथे आहे.

प्रथम वस्तुस्थिती. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने दहा वर्षांखालील मुलीशी केलेला संभोग, मग तो पतीने केलेला असला तरी, बलात्कार मानला होता. दहा वर्षे पूर्ण झालेल्या पत्नीला मात्र कायद्याचे संरक्षण नव्हते. १८८४ मध्ये बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांवरील आपली टिपणे प्रसिद्ध केली. त्याच वर्षी मुंबईत रखमाबाईंविरुद्ध त्यांच्या पतीने वैवाहिक हक्कांसाठी दावा लावला. अकराव्या वर्षी लावून दिलेले लग्न आपणांस मान्य नाही, असे म्हणणाऱ्या या स्त्रीला १८८७ मध्ये न्यायालयाने नांदावयास जा, नाहीतर सहा महिने कारावास भोग, असा निकाल दिला. १८८८ मध्ये तडजोड झाली आणि पुढे इंग्लंडात शिकून रखमाबाई डॉक्टर झाल्या. १८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी दासी या दहा-अकरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचा खटला चालला. पतीच्या संभोगामुळे ती दगावली होती. तिने दहा वर्षे ओलांडलेली असल्यामुळे पतीवर बलात्काराचा आरोप टिकण्यासारखा नव्हता. त्याला दुखापतीच्या सौम्य कलमाखाली एक वर्षाची शिक्षा झाली. या पार्श्वभूमीवर जानेवारी १८९१ मध्ये सर अँड्र्यू स्कोबल यांनी वयोमर्यादा दहावरून बारावर नेणारे विधेयक मांडले आणि १९ मार्च १८९१ रोजी ते संमत झाले.

केवळ दोन वर्षांची ही वाढ होती. तीवरून महाराष्ट्रात व बंगालमध्ये जे वादळ उठले, ते आज वाचताना मन थक्क होते. तथापि त्या वादात मांडले गेलेले युक्तिवाद क्षुद्र नव्हते. त्यांचे तीन प्रकार आम्हांस दिसतात.

पहिला प्रकार डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा. त्यांनी १८९१ मध्ये विवाहाचे व समागमाचे वय यांविषयीच्या धर्मशास्त्रीय वचनांवर एक टिपण प्रसिद्ध केले. ऋतुदर्शन होताच गर्भाधान झालेच पाहिजे असा निरपवाद दंडक शास्त्रात नाही, ते पुढे ढकलण्यास शास्त्राधार आहे, असे त्यांनी साधार दाखविले. ही पद्धत आपणां धर्मशास्त्राच्या अभ्यासकांना जवळची वाटावी अशीच आहे. परंपरेच्या आतूनच परंपरेची सुधारणा करावयाची, आणि श्रद्धावंताला श्रद्धा न सोडता पुढे येण्याची वाट मोकळी करून द्यावयाची, हा तिचा हेतू. तिची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. वचनाविरुद्ध वचन उभे राहते. ज्या मुलीचा प्रश्न, ती मात्र वचनांच्या निर्णयाची वाट पाहत राहते. उद्या एखादे निःसंदिग्ध प्रतिकूल वचन सापडले तर काय, या प्रश्नाला या पद्धतीत उत्तर नाही.

दुसरा प्रकार टिळकांचा. त्यांना बालविवाह प्रिय होता म्हणून त्यांनी विधेयकास विरोध केला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १८९० मध्येच त्यांनी असा पर्याय सुचविला होता की, सुधारणा इच्छिणाऱ्यांनी आपापल्या मुलींची लग्ने सोळा वर्षांपूर्वी व मुलग्यांची वीस वर्षांपूर्वी न करण्याची शपथ घ्यावी व ती स्वतःपुरती बंधनकारक मानावी. सोळा हे वय सरकारच्या बारापेक्षा चार वर्षांनी अधिक होते, हे विसरता कामा नये. शास्त्रार्थाच्या बाबतीत त्यांनी भांडारकरांशी वाद घातला हे खरे. परंतु त्यांच्या विरोधाचा गाभा अधिकाराचा होता. परकीय सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये, १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्याने तसे अभिवचन दिले आहे, आणि सुधारणा लोकशिक्षणाने आतून व्हावी, कायद्याने वरून लादू नये, हे त्यांचे म्हणणे. म्हणजे धर्माच्या नावाने उभा केलेला हा पक्ष वस्तुतः राजकीय होता. ‘योग्य काय?’ या प्रश्नाची जागा ‘ठरविणार कोण?’ या प्रश्नाने घेतली होती.

तिसरा प्रकार आगरकरांचा. १८५६ मध्ये कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी जन्मलेला हा पुरुष मिल व स्पेन्सर यांच्या विचारांवर वाढलेला. देवाविषयीच्या कल्पना मनुष्याच्या भयातून व अज्ञानातून कशा उगवल्या हे त्यांनी ‘देवतोत्पत्ति’सारख्या लेखांतून निर्भीडपणे मांडले. १८८७ पर्यंत ते ‘केसरी’चे संपादक होते; मतभेद विकोपास गेल्यावर ते बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला. या पत्रातून त्यांनी विधेयकाचा पाठपुरावा केला. त्यांच्या विवेचनाचा आशय असा की, शास्त्र अनुकूल आहे की प्रतिकूल हा मुळात प्रश्नच नव्हे. एखादी रूढी माणसाला पीडा देते आणि तिचे समर्थन बुद्धीला करता येत नाही, एवढे ती टाकून देण्यास पुरे आहे. या मतांची किंमत त्यांनी मोजली. पुण्यात ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढण्यात आली. १८९५ मध्ये, वयाची चाळिशी गाठण्यापूर्वीच, दम्याने जर्जर होऊन त्यांचा अंत झाला.

आता मूळ विधानांकडे वळू. ईश्वर न मानणारा नीतिमान होऊ शकत नाही, हे पहिले विधान आगरकरांच्या चरित्रापुढे टिकत नाही. त्या तीन पक्षांपैकी मुलीच्या वेदनेला दुसऱ्या कशाचीही जोड न देता प्रश्नाच्या मध्यभागी ठेवणारा पक्ष ईश्वरवाद्याचा नव्हता. हे मान्य करण्यास आपण कचरू नये. परंतु एवढ्यावरून नीतीला धर्माची आवश्यकता नाही असे सिद्ध होते काय? येथे टिळकांचा ‘गीतारहस्य’ हा ग्रंथ विचारात घ्यावा लागतो.

१९१५ मध्ये प्रसिद्ध झालेला आणि मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला हा ग्रंथ आपल्या वर्तुळात बहुधा त्याच्या परिशिष्टासाठी, म्हणजे गीता व बायबल यांच्या तुलनेसाठी, आठवला जातो आणि त्या तुलनेचे खंडन केले की आपले काम संपले असे मानले जाते. आमच्या मते ग्रंथाचा खरा अभ्यसनीय भाग नीतिशास्त्रावरील प्रकरणांत आहे. टिळक नीतिविचाराच्या आधिभौतिक, आधिदैविक व आध्यात्मिक अशा तीन पद्धती मानतात आणि बेंथॅम-मिल यांच्या उपयुक्ततावादाची कसून झडती घेतात. पुष्कळांचे पुष्कळ सुख ही कसोटी घेतली तर पांडवांच्या सात अक्षौहिणींपेक्षा कौरवांच्या अकरा अक्षौहिणींचे सुख अधिक भरेल. मग धर्म कौरवांच्या बाजूस होता काय, असा त्यांचा सवाल आहे. सुखाची गणती करून न्याय ठरत नाही. कर्त्याच्या बुद्धीची शुद्धता पाहिल्यावाचून कर्माचे मोल कळत नाही. या टीकेत पुष्कळ तथ्य आहे, आणि ती आगरकरांच्या तत्त्वज्ञानाला थेट लागू पडते.

ती लागू करून पाहू. रूढी या समाजाच्या गरजांतून उत्क्रांत होतात, असे जर असेल, तर बालविवाहही तसाच उत्क्रांत झाला. त्याला अन्याय म्हणण्याचा अधिकार उत्क्रांतीच्या सिद्धांतातून मिळत नाही. फार तर तो कालबाह्य झाला, एवढेच म्हणता येते. सुखाच्या बेरजेने पाहिले तर लक्षावधी कुटुंबांचे समाधान, त्यांची स्थिर व्यवस्था आणि त्यांची धर्मभावना एका पारड्यात, व कलकत्त्याची एक मुलगी दुसऱ्या पारड्यात. पारडे कोणीकडे झुकेल हे सांगावयास नको. आगरकरांनी अशी बेरीज कधीच केली नाही. एका मुलीवरील अन्याय हा अन्यायच, मग त्याने कितीही लोक सुखी होवोत, असे ते धरून चालले. ही निरपवाद निष्ठा त्यांच्या अंगी होती. मिल व स्पेन्सर यांच्या ग्रंथांतून मात्र ती निघत नाही. त्यांचे आचरण त्यांच्या सिद्धांताहून मोठे होते, असे आम्हांस वाटते.

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. यावरून आगरकर मनातून आस्तिकच होते, किंबहुना न कळत ख्रिस्ताचेच अनुयायी होते, असे म्हणण्याचा मोह काही धर्मपंडितांना होतो. तो टाळावा. ज्या माणसाने आपल्या नास्तिक्यासाठी निंदा सोसली, त्याच्या मृत्यूनंतर त्याचे मत परस्पर बदलून घेणे हा त्याचा सन्मान नव्हे. प्रश्न त्यांच्या सिद्धांताचा आहे. त्याचे उत्तर सिद्धांताच्या पातळीवरच दिले पाहिजे.

टिळकांच्या सिद्धांताचीही झडती तितक्याच कठोरपणे घेतली पाहिजे. कर्त्याची बुद्धी शुद्ध व निष्काम असावी, हे खरे. परंतु ही कसोटी सर्वस्वी कर्त्याकडे पाहते. ज्याच्यावर कर्म घडते त्याच्याकडे ती पुरेशी पाहत नाही. विहित संस्कार म्हणून, कोणत्याही वासनेवाचून, गर्भाधान करणारा पती कल्पून पाहा. त्याची बुद्धी निष्काम असली म्हणून मुलीच्या शरीराला होणारी इजा कमी होते काय? सर्वांभूती एकच आत्मा पाहणारी साम्यबुद्धी टिळकांनी नीतीचा पाया मानली आहे. त्या पायावरून मुलीच्या बाजूने फार बळकट युक्तिवाद उभा राहू शकला असता. १८९१ च्या वादात तो युक्तिवाद अग्रभागी आला नाही. अधिष्ठान उच्च असणे पुरेसे नाही. त्या अधिष्ठानावरून कोणाच्या दुःखाकडे पाहिले जाते, हेही विचारावे लागते.

याच १८९१ साली जोतीराव फुले यांचे ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांच्या मृत्यूनंतर प्रकाशित झाले, हा योगायोग उपरोक्त दोन्ही टोकांच्या विधानांना छेद देणारा आहे. फुल्यांनी कोणत्याही प्रस्थापित धर्माची सत्ता मानली नाही. परंतु नीतीचा आधार त्यांनी निर्मिकात शोधला आणि निर्मिकाने स्त्री-पुरुषांस समान निर्माण केले, यावर आपली आचारसंहिता रचली. ईश्वरनिष्ठा ही नेहमी रूढीच्याच बाजूने उभी राहते असे म्हणणाऱ्यांनी, आणि धर्मसंस्थेवाचून ईश्वरनिष्ठा संभवत नाही असे म्हणणाऱ्यांनीही, हे पुस्तक वाचावे.

आपल्या परंपरेची शिकवण या वादावर काय प्रकाश टाकते? संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, ज्यांना नियमशास्त्र मिळाले नाही अशा लोकांच्याही अंतःकरणात नियमाची कृती लिहिलेली असते आणि त्यांची सदसद्विवेकबुद्धी साक्ष देते, असे प्रतिपादन केले आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी नैसर्गिक नियम म्हणजे बुद्धिमान प्राण्याचा शाश्वत नियमातील सहभाग, अशी त्याची व्याख्या केली. म्हणजे ईश्वर हा नीतीचा आधार आहे. परंतु नीती ओळखण्यासाठी आधी ईश्वराची ओळख पटलीच पाहिजे, अशी अट नाही. आधार असणे आणि आधाराची जाणीव असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. हा भेद आपल्या प्रवचनांतून निसटतो, आणि मग ‘देव नाही तर नीती नाही’ हे विधान समोरच्या नीतिमान नास्तिकाचा अपमान होऊन बसते. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ मध्ये, सदसद्विवेकबुद्धीशी एकनिष्ठ राहून ख्रिस्ती लोक इतर मानवांसह सत्याचा शोध घेतात, असे सांगितले. नास्तिकतेच्या उदयाला श्रद्धावंतांचे सदोष जीवनही काही अंशी कारण असते, असेही तिने तेथेच मान्य केले.

कायद्याने वरून सुधारणा करावी काय, या टिळकांच्या प्रश्नालाही थॉमस यांच्यापाशी उत्तर आहे. मानवी कायद्याने सर्वच दुर्गुणांवर बंदी घालू नये, कारण अपूर्ण माणसांवर पूर्णत्वाचे ओझे लादले तर ती अधिक बिघडतात. परंतु ज्यांनी दुसऱ्याला इजा होते आणि ज्यांना आवर घातल्याविना समाज टिकत नाही, अशा दुष्कृत्यांना त्याने मज्जाव केलाच पाहिजे, असे त्यांचे मत आहे. या न्यायाने पाहता लग्न कितव्या वर्षी लावावे हा प्रश्न काही काळ शिक्षणावर सोपविता आला असता. मुलीच्या शरीराला होणारी इजा मात्र सोपविता आली नसती. टिळकांनी हे दोन प्रश्न एकत्र केले, आणि तेथेच त्यांचा युक्तिवाद ढासळला.

परंतु आपण न्यायाधीशाच्या आसनावर बसण्यापूर्वी आपल्याच दप्तराची पाने उलटली पाहिजेत. १८९१ मध्ये चर्चच्या विवाहविषयक कायद्यानुसार मुलीचे किमान वय बारा, मुलाचे चौदा होते. रोमन कायद्यातून आलेली ही मर्यादा १९१७ च्या धर्मसंहितेने चौदा व सोळा केली, आणि १९८३ च्या संहितेतही ती तशीच राहिली. अधिक वयाची अट घालण्याची मुभा तेवढी महागुरूंच्या परिषदांना देण्यात आली. हिंदुस्थानातील ख्रिस्ती विवाहांसाठी केलेल्या १८७२ च्या कायद्यात, एतद्देशीय ख्रिस्ती वधूचे वय तेरा वर्षांहून अधिक असावे, एवढीच अट होती. ज्या इंग्लंडच्या नीतीचा दाखला तेव्हाचे मिशनरी देत, तेथेही संमतीचे वय १८७५ पर्यंत बाराच होते. ते त्या वर्षी तेरा व १८८५ मध्ये सोळा झाले. तेव्हा हिंदू समाज मागासलेला आणि ख्रिस्ती समाज पुढारलेला, हे त्या काळच्या मिशनरी साहित्यातील चित्र पुराव्याला धरून नव्हते. तेथील समाजही आपली वाट पावलापावलाने, चाचपडतच शोधत होता.

पुढील इतिहास हेच सांगतो. बडोदे संस्थानात महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९०४ मध्ये बालविवाहप्रतिबंधक कायदा केला. तो परकीय सरकारचा नव्हता, तरीही रूढीच्या विरुद्ध होताच. ब्रिटिश हिंदुस्थानात १९२९ च्या सारडा कायद्याने वधूचे वय चौदा केले. १९७८ मध्ये ते अठरावर आले. दंडसंहितेतील पत्नीच्या संरक्षणाचे वय १९२५ मध्ये तेरा व १९४९ मध्ये पंधरा झाले. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते अठरा ठरविले, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत तेच वय नमूद आहे. दहापासून अठरापर्यंत येण्यास १५७ वर्षे लागली. स्वराज्य आल्यावरही त्यांतील सत्तर वर्षे गेली, हे ‘आधी स्वराज्य, मग सुधारणा’ म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. आणि बुद्धिवाद पसरला की अन्याय आपोआप मावळतो असे मानणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावे.

या परीक्षणाचा आपल्या कामाशी संबंध दुहेरी आहे. आज भारतात ख्रिस्ती समाज अल्पसंख्य आहे. आपल्या कुटुंबविषयक कायद्यांना कोणी हात लावू पाहिला की, ‘आमच्या धर्मात ढवळाढवळ नको’ हे टिळकांचेच वाक्य आपल्या ओठांवर येते. कधी ते रास्तही असते, कारण सरकारचे हेतू प्रत्येक वेळी शुद्ध असतात असे नाही. परंतु १८६९ च्या घटस्फोट कायद्यान्वये ख्रिस्ती पतीला केवळ पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणे पुरेसे होते, आणि पत्नीला मात्र व्यभिचारासोबत क्रौर्य वा परित्याग यांसारखे आणखी काही सिद्ध करावे लागे. ही विषमता २००१ पर्यंत कायम होती. तिच्याखाली भरडल्या गेलेल्या स्त्रियांना ‘ठरविणार कोण?’ या वादातून काय मिळाले, हे आपण स्वतःस विचारावे. अधिकाराचा प्रश्न खरा असतो, परंतु तो पीडिताच्या प्रश्नाच्या आधी मांडला की धर्म राजकारणाची ढाल बनतो.

दुसरा संबंध अधिक जवळचा. लग्नाआधीची चौकशी आपण करतो, आणि गावात मुलीचे लग्न ठरले की ती बातमी धर्मशिक्षकाच्या कानी बहुधा इतर कोणाही आधी पडते. शाळेचा दाखला व जन्माची नोंद जुळत नसेल, आईवडील घाई करीत असतील, मुलगी खाली मान घालून उभी असेल, तर तेथे आपण भांडारकरांप्रमाणे वचने शोधू नयेत, आणि टिळकांप्रमाणे समाजाच्या भावना दुखावतील काय याचा हिशेब करू नये. मुलीला एकटीला बाजूस घेऊन विचारावे आणि वय पुरे नसेल तर नोंदवहीत नाव घालू नये. गावातील एखादा नास्तिक शिक्षक त्याच मुलीसाठी आपल्याआधी उभा राहिला असेल, तर त्याच्याशी नीतीच्या अधिष्ठानाचा वाद घालण्यापूर्वी त्याच्या शेजारी जाऊन उभे राहावे. तो वाद महत्त्वाचा आहे व तो सोडून द्यावा असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्यात आपला शब्द कोणी ऐकून घ्यावयाचा असेल, तर त्या मुलीच्या बाबतीत आपण काय केले हे लोक आधी पाहतील.